सगळे खरंच बोलत होते

भोंगा वाजतो, दोरखंड सुटतात, धक्क्यावर हलणारे रुमाल ठिपक्यांएवढे होतात. नुकतंच लग्न झालेली एक तरुणी नवऱ्याला शोधत आपल्या केबिनकडे निघते. केबिन क्रमांक बी-१३. पण जहाजावर बी-१३ नावाची केबिनच नसते! तिचं सामान निघतं दुसऱ्याच केबिनमध्ये, आणि तेही एकटीचंच. तिच्यासोबत कोणी पुरुष चढल्याचं एकालाही आठवत नाही. चारी बाजूंना पाणी, आणि नवरा गेला कुठे?

१९४३ च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या ‘सस्पेन्स’ या रेडिओ मालिकेत ‘केबिन बी-१३’ हे नाटक प्रसारित झालं. लेखक होता जॉन डिक्सन कार. आतून कडी लावलेल्या खोलीत खून होतो आणि खुनी मात्र हवेत विरल्यासारखा नाहीसा होतो, अशा कोड्यांचा हा बादशहा. त्याच्या ‘द हॉलो मॅन’ (१९३५) या कादंबरीत तर नायक डॉ. फेल चक्क गोष्ट थांबवून बंद खोलीच्या युक्त्यांवर एक व्याख्यानच झोडतो.

एकदा किनारा सुटला की जहाजसुद्धा बंद खोलीच, फक्त गावाएवढी. ‘क्वीन मेरी’चंच घ्या. १९३६ मध्ये पहिल्या सफरीवर निघालेली ही बोट हजार फुटांहून लांब होती. तिच्यात सुमारे दोन हजार प्रवासी आणि अकराशेच्या आसपास कर्मचारी मावत. एवढ्या माणसांत दडून बसणं सोपं, पण बाहेर पडायला वाट एकच, ती थेट समुद्रात. शिवाय असं गाव चालतं ते कागदावर. तिकीट, प्रवाशांची यादी, केबिनचा क्रमांक. यादीत नाव नसेल, तर तो माणूस त्या गावात नाहीच.

कारच्या या कोड्याला एक जुनी आजी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून युरोप-अमेरिकेत एक दंतकथा फिरत होती. पॅरिसला मोठं जागतिक प्रदर्शन भरलंय. हिंदुस्थानातून परतणाऱ्या मायलेकी तिथल्या एका हॉटेलात उतरतात. आईला बरं वाटेनासं होतं. डॉक्टर मुलीला औषधासाठी शहराच्या दुसऱ्या टोकाला पाठवतो. ती परत येते तेव्हा हॉटेलवाले म्हणतात, “कुठली आई? तुम्ही तर एकट्याच आलात.” खोलीतले पडदे आणि भिंतीवरचा कागदसुद्धा बदललेला! उलगडा असा, की आईला प्लेग झाला होता. बातमी फुटली असती तर प्रदर्शन ओस पडलं असतं, म्हणून सगळ्यांनी मिळून ती बाईच पुसून टाकली.

या कथेत हिंदुस्थान आणि प्लेग का, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला आणि त्याची धास्ती थेट युरोपला बसली. १८९७ मध्ये व्हेनिसला केवळ या साथीसाठी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. अशा हवेत ही गोष्ट किती सहज पटली असेल! पुढे मारी बेलॉक लाउंड्स यांनी १९१३ मध्ये तिच्यावर कादंबरी लिहिली. तिच्यात आईऐवजी नवरा नाहीसा होतो, तोही ऐन मधुचंद्रात. १९३८ मध्ये हिचकॉकने ‘द लेडी व्हॅनिशेस’मध्ये एक वयस्क बाई धावत्या आगगाडीतून गायब केली.

माझ्या मते कारची खरी करामत इथून पुढे सुरू होते. पॅरिसच्या कथेत सगळे खोटं बोलतात. हॉटेलवाला, डॉक्टर, सरकार. एका बाईला नाहीशी करायला अख्खं शहर कटात घ्यावं लागतं. कारच्या जहाजावर गुन्हेगार आणि फार तर त्याचा एखादा साथीदार सोडला, तर बाकी सगळे मनापासून खरं बोलत असतात. कप्तान खरा, यादीही खरी. आणि या सगळ्या खऱ्या उत्तरांची बेरीज मात्र साफ खोटी!

हे जमलं कसं? (उत्तर स्वतः शोधायचं असेल, तर वाचणं इथेच थांबवा.) नवरा गायब झालेलाच नसतो. तो त्या जहाजावरचाच एक अधिकारी असतो. लग्न केलेलं असतं वेगळ्या नावाने, पैशासाठी. बायको भ्रमिष्ट आहे असं सगळ्यांना वाटू द्यायचं, म्हणजे ती उद्या समुद्रात पडली तरी कोणी संशय घेणार नाही. साध्या कपड्यांत ती ज्याला ओळखते, तो गणवेश चढवतो आणि कामाला लागतो.

गणवेश माणसाला अदृश्य करतो, ही युक्ती जी. के. चेस्टरटनने १९११ मध्ये फादर ब्राऊन या पाद्री-गुप्तहेराच्या एका कथेत वापरली होती. चार जण शपथेवर सांगतात की इमारतीत कोणी शिरलं नाही, आणि शिरलेला असतो पोस्टमन. कार चेस्टरटनचा भक्त. त्याने डॉ. फेलचं रंगरूपही चेस्टरटनवरूनच बेतलं होतं.

दुसरी गाठ नावाची. या नाटकावरून १९५३ मध्ये ‘डेंजरस क्रॉसिंग’ हा सिनेमा निघाला. त्यासाठी स्टुडिओने स्वतःच्याच ‘टायटॅनिक’ सिनेमाचे सेट पुन्हा वापरले. त्यातल्या नायिकेचं नाव यादीत सापडतं, पण माहेरचं. बोटीच्या लेखी ती अविवाहित. आपल्याकडे ताटात तांदूळ पसरून नवरीचं नवं नाव लिहायची रीत आहे. बोट फिरवलं की जुनं नाव पुसलं जातं. इथे कोणीतरी उलटं बोट फिरवलं होतं. नवं नाव पुसलं, आणि त्यासोबत नवराही.

तिच्यावर दया दाखवणारे पुष्कळ भेटतात. जहाजावरचा डॉक्टर तर तिच्या बाजूने उभाही राहतो. पण तिच्या नवऱ्याचा शोध सगळे प्रवाशांच्या यादीत घेत राहतात. यादी अगदी बिनचूक असते, आणि तो प्रवासी कधी नव्हताच.