पहिलीच्या वर्गातील पोळा

प्राथमिक शाळांतून सण व दिनविशेष साजरे करण्याची प्रथा आता चांगलीच रुळली आहे आणि ती स्वागतार्ह आहे. परंतु शाळाभेटीच्या वेळी एक गोष्ट वारंवार नजरेस येते. फलक शिक्षकांनी रंगविलेला असतो, तोरण वरच्या वर्गातील मुलांनी बांधलेले असते, आणि पहिलीची मुले हातांची घडी घालून छायाचित्राची वाट पाहत रांगेत बसलेली असतात. या दोषाचा काही वाटा माझ्याकडेही येतो. उपक्रमाच्या अहवालासोबत छायाचित्रे जोडावीत, असे पत्र मीच एके काळी शाळांना धाडले होते. छायाचित्रे आली. मुले त्या दिवशी काय शिकली, हे मी विचारले नव्हते. तेव्हा कोणी कळविलेही नाही.

शिक्षणहक्क कायद्याने (२००९) पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस व ८०० तास ठरविले आहेत. दिवसाला सरासरी चारच तास! त्यांतील दोन तास मुलांनी नुसते पाहत बसण्यात गेले, तर ते परत मिळत नाहीत.

एका विषयाभोवती भाषा, गणित व परिसर गुंफण्याची कल्पना काही नवी नव्हे. किलपॅट्रिक यांचा प्रकल्पपद्धतीवरील निबंध १९१८ सालचा. १९३७ च्या वर्धा योजनेत हस्तव्यवसायाशी इतर विषयांचा समवाय साधण्यावरच भर होता. अध्यापक विद्यालयात आम्ही दोन्ही पाठ केले, परीक्षेत लिहिले आणि वर्गात शिरताच विसरलो.

एका दोनशिक्षकी शाळेत मात्र पोळ्याचा घटक मनासारखा चाललेला पाहिला. पोळा श्रावण अमावास्येला येतो. जूनमध्ये आलेली मुले तोवर वर्गाला सरावलेली असतात. बाईंनी सणाच्या आठ दिवस आधी आरंभ केला आणि "तुमच्या घरी बैल आहेत का?" एवढेच विचारले. "आमच्या घरी ट्रॅक्टर हाय," एक मुलगा म्हणाला. बाईंनी त्याला गप्प केले नाही. जमिनीवर खडूने तीन रिंगणे काढली : बैल असलेली घरे, ट्रॅक्टर असलेली घरे, दोन्ही नसलेली घरे. प्रत्येक मुलाने आपला एक खडा योग्य रिंगणात ठेवला. दोन्ही असलेल्या मुलाने काय करावे, यावर बराच वाद झाला. अखेर त्याला दोन खडे मिळाले. तिसऱ्या रिंगणातही खडे पडले व तेही त्याच आवाजात मोजले गेले. भूमिहीन घरातील मुलाला सणाच्या गप्पांत सहसा जागा नसते. येथे त्याच्या खड्याखेरीज मोजणी पुरी होत नव्हती.

मग शब्द आले : झूल, गोंडा, बाशिंग, वेसण, कासरा. बाई शहरातल्या. म्होरकी म्हणजे काय, ते त्यांना एका सहा वर्षांच्या मुलीने दोरी घेऊन समजावले. घरची बोली वर्गात चालते, हे त्या मुलीला त्या दिवशी कळले असावे. एरवी ती बोलत नसे, असे बाईंनी सांगितले. ‘झ’ हे अक्षर शिकविण्यासाठी झुलीहून चांगले निमित्त शोधूनही सापडणार नाही.

गणित मातीच्या बैलांनी शिकविले. सात बैल तयार झाले. जोड्या किती? तीन जोड्या लागल्या, एक बैल उरला. त्याला जोडीदार हवा म्हणून आठवा बैल करण्यात आला. सम-विषम हे शब्द न उच्चारता त्यांतील भेद मुलांच्या हाती आला. नुसत्या काळ्या मातीचे बैल वाळताना तडकले, तेव्हा दुसऱ्या दिवशी मुलांनीच घरून शेण व बारीक भुसा आणला. करवंट्यांच्या तराजूत ओला बैल खड्यांनी तोलला, वाळल्यावर पुन्हा तोलला. खडे कमी लागले. "पाणी उडून गेलं," असे उत्तर आले. ते बाईंनी सुधारले नाही, हे योग्यच झाले.

प्रत्यक्ष पूजा घरोघरी होतेच. शाळेत सणाच्या आदल्या दिवशी प्रत्येकाने आपला बैल हातात धरून त्याच्याविषयी एक वाक्य सांगितले. खर्च शून्य. ज्या गावी आषाढातच बेंदूर असतो, तेथे हा घटक त्या वेळी घ्यावा.

आणखी एक गोष्ट वार्षिक नियोजन करताना ध्यानी ठेवावी. आपल्याकडील पुष्कळ कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात. काही जण बैलांसहच जातात. चांगले घटक जानेवारीसाठी राखून ठेवले, तर ते या मुलांच्या वाट्याला येतच नाहीत. ते पहिल्या सत्रातच घ्यावेत आणि निघणाऱ्या मुलाबरोबर त्याचा बैल व त्याने लिहिलेली नावाची चिठ्ठी द्यावी. उरलेले बैल खिडकीत राहू द्यावेत. पुढील भेटीत मी छायाचित्रे मागणार नाही. ते बैल पाहीन, मोडक्या शिंगांचेसुद्धा, आणि कोणता कोणाचा हे मुलांनाच विचारीन.