तुंबणे, आंबणे, लोंबणे : परसातील कोंबडीच्या अन्नपुटाचे विकार व उपचार

कोंबडीच्या गळ्याखालची पिशवी टम्म दिसली म्हणजे तिचे पोट भरले आहे, असा अर्थ करण्याची आपली रीत आहे. सायंकाळी हा अर्थ बरोबर असतो. सकाळी, दाणा टाकण्यापूर्वी, तोच अर्थ कोंबडीच्या जिवावर बेततो. रात्रभरात जी पिशवी रिकामी व्हावयास हवी ती तशीच राहिली, तर पुढच्या मार्गाला अन्न मिळेनासे होते. अशी कोंबडी भरल्या पिशवीने उपाशी मरते. परसात चार-सहा कोंबड्या पाळणाऱ्या घरात एकेका पक्ष्याला मोल असते. अंड्यांचे पैसे बहुधा घरातील स्त्रीच्या हाती येतात आणि तेवढीच तिची स्वतःची मिळकत असते. त्यामुळे प्रस्तुत विषय क्षुल्लक मानण्याचे कारण नाही.

भाषाशास्त्राच्या विभागाच्या पत्रिकेत त्याची चर्चा करण्याचे कारण निराळे आहे. या अवयवाचे निदान तीन भिन्न विकार आहेत; परंतु बोलताना ते तिन्ही ‘पिशवी भरली’ किंवा ‘पिशवी फुगली’ या एकाच वर्णनात सामावले जातात. वर्णन एक, म्हणून उपचारही एक, असे मग ओघानेच होते. आणि एका विकारातील उपाय दुसऱ्यात निरुपयोगी, प्रसंगी घातकही, ठरतो.

प्रथम संज्ञांचा विचार करू. प्राणिशास्त्रावरील मराठी लेखनात या पिशवीला ‘अन्नपुट’ व तिच्यापुढील दळणाऱ्या अवयवाला ‘पेषणी’ म्हणतात. दोन्ही शब्द अन्वर्थक आहेत, पण पुस्तकाबाहेर ते फारसे पडलेले नाहीत. कोंबडीच्या दुकानात ‘पोटा’ या नावाने जो कठीण, मांसल भाग कलेजीबरोबर विकला जातो तो पेषणी होय, अन्नपुट नव्हे; ही गल्लत टाळली पाहिजे. इंग्रजी ‘क्रॉप’ या शब्दाची कथा अधिक मनोरंजक आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ पक्ष्याच्या गळ्याखालची पिशवी असा होता, तसाच रोपाचा शेंडा किंवा कणीस असाही होता. कणसावरून पुढे ‘पीक’ हा अर्थ रूढ झाला व पिशवीचा अर्थ मागे पडला. साहजिकच ‘इम्पॅक्टेड क्रॉप’ या शब्दप्रयोगाचे केवळ कोशाच्या आधारे भाषांतर करू जाणारा थेट शेतातील नुकसानीपर्यंत जाऊन पोहोचण्याचा संभव आहे. लॅटिनमधील ‘इंग्लुव्हिएस’ या शब्दाचेही दोन अर्थ आहेत : पक्ष्याचे अन्नपुट आणि खादाडपणा. कोंबडीवर हा दुसरा आरोप थोडा अन्यायाचाच आहे. घाईघाईने गिळून ठेवणे आणि सावकाश पचविणे ही तिची शरीररचनाच आहे.

ती रचना अशी. अन्ननलिका छातीत शिरण्यापूर्वी, मानेच्या तळाशी, किंचित उजव्या बाजूस फुगून अन्नपुट बनते. त्याचे मुख्य कार्य साठवणे व भिजविणे हे होय. तेथे अन्न ओले होते, मऊ पडते. त्यावर आम्ल तयार करणाऱ्या उपयुक्त जंतूंची थोडी क्रियाही होते. तेथून ते ग्रंथिल जठरात उतरते. पचनाचे आम्ल व पाचक रस तेथे मिसळतात, आणि पुढे पेषणीत, कोंबडीने गिळलेल्या खड्यांच्या साहाय्याने, ते दळले जाते. पेषणी रिकामी असेल तर अन्न अन्नपुटात न थांबता सरळ पुढे जाते. पेषणी भरली असेल तर मागे साठते. याचाच दुसरा अर्थ असा की, अन्नपुट अडले असता दोष अन्नपुटातच असेल असे नाही. गटार रस्त्यावर तुंबते, पण बोळा पुष्कळदा पुढच्या वळणावर असतो.

परीक्षेची वेळ पहाटेची. रात्री कोंबडीला वेगळे ठेवावे, दाणा काढून घ्यावा, आणि उजाडताच अन्नपुट हाताने चाचपावे. निरोगी कोंबडीचे या वेळी सपाट, जवळजवळ हाताला न लागणारे असते. ते भरलेले लागले तर हाताला काय जाणवते याकडे नीट लक्ष द्यावे. येथे मराठीने आपल्याला तीन क्रियापदे आयती दिली आहेत, आणि ती पारिभाषिक म्हणून स्वीकारावीत अशी प्रस्तुत लेखकाची सूचना आहे. गोळा घट्ट, कणकेच्या जुन्या उंड्यासारखा, कधी आत काड्या-धागे जाणवणारा असेल तर अन्नपुट तुंबले आहे. ते मऊ, पाणथळ असेल, दाबल्यावर डचमळत असेल आणि चोचीला आंबूस वास येत असेल तर ते आंबले आहे. आणि ते सैल पिशवीसारखे छातीपुढे लोंबत असेल, कोंबडी चालताना हालत असेल, व रिकामे झाल्यावरही जागेवर येत नसेल तर ते लोंबले आहे.

या तीन अवस्था पृथक आहेत, पण एकमेकींशी त्यांचे नातेही आहे. तुंबलेले अन्न तसेच राहिले तर ते कुजू लागते व कँडिडा नावाच्या बुरशीला तेथे अनुकूल जागा मिळते. म्हणजे तुंबण्यातून आंबणे उद्भवते. ताण दीर्घकाळ राहिला तर भित्तीचे स्नायू आपली शक्ती गमावतात. म्हणजे लोंबणे उद्भवते. मात्र हा क्रम नियमाने घडतो असे समजू नये. बुरशी लागलेला दाणा किंवा प्रतिजैविकांचा अवास्तव वापर यांमुळे आंबणे स्वतंत्रपणेही सुरू होते.

‘तुंबणे’ हे क्रियापद अकर्मक आहे. अन्नपुट तुंबले, एवढेच ते सांगते. कशाने तुंबले हे सांगण्याची त्यावर सक्ती नाही. व्याकरणाच्या दृष्टीने यात काही वावगे नाही, परंतु उपचार करणाऱ्याने हे मौन मान्य करून चालणार नाही. सर्वांत सामान्य कारण म्हणजे लांब, चिवट तंतू. रुजलेले गवत उपटताना कोंबडीला मुळांचा विरोध होतो, म्हणून ती शेंड्याचे लहान तुकडे तोडते. कापून टाकलेले गवत मात्र सुटे असल्यामुळे ती वीतभर पात अख्खे गिळते. अशी पाती अन्नपुटात एकमेकांत गुंततात. स्नायूंच्या प्रत्येक आकुंचनाबरोबर गोळा सुटण्याऐवजी अधिकच आवळतो, आणि पुढची वाट तर अरुंद. काथ्या, सुतळी, भाताचा पेंढा, पोत्याचे धागे आणि अलीकडे प्लॅस्टिकच्या दोऱ्या यांचेही असेच होते. फार वेळ उपाशी ठेवलेल्या कोंबडीपुढे एकदम भरपूर दाणा टाकला तरी हा प्रसंग ओढवतो.

दुसरा कारणवर्ग अधिक गंभीर आहे. मारेक रोगात (हंगेरीतील पशुवैद्य योझेफ मारेक यांनी त्याचे वर्णन १९०७ साली केले) विषाणूमुळे मज्जातंतू सुजतात. अन्नपुटाला चालना देणारा मज्जातंतू त्यांत सापडला तर अन्नपुट लुळे पडून भरलेले राहते. असा पक्षी बहुधा तरुण असतो आणि पुष्कळदा एक पाय पुढे व एक मागे असा पडतो. येथे कितीही चोळले तरी उपयोग नाही. या रोगाचे निवारण पिल्लू अंड्यातून निघाल्याबरोबर टोचावयाच्या लशीनेच होते. अन्ननलिकेतील जंत, शिसे पोटात जाणे, पेषणीतच गोळा अडकणे ही आणखी काही कारणे. तेव्हा प्रथम पाय, पंख, विष्ठा पाहावी, आणि छातीच्या मधल्या हाडावरून बोट फिरवावे. ते हाड धारेसारखे वर आले असेल तर उपासमार बऱ्याच दिवसांची आहे, आणि घरगुती उपायांत वेळ दवडू नये.

आता तुंबलेल्या अन्नपुटाच्या उपचाराकडे वळू. कोंबडी वेगळी, उबदार जागी ठेवावी. चोवीस तासांपर्यंत दाणा, हिरवा चारा व खाली अंथरलेला पेंढा दूर ठेवावा. पाणी मात्र सदैव असावे. चोवीस तास ही मर्यादा आहे. पक्ष्याचे शरीर दीर्घ उपास सोसत नाही. आतील गोळा भिजावा म्हणून कोमट पाणी आणि अगदी थोडे, दोन-तीन मि.लि., खाण्याचे तेल चोचीच्या कडेने थेंबाथेंबाने द्यावे, आणि प्रत्येक वेळी कोंबडीने स्वतः गिळण्याची वाट पाहावी. पक्ष्याची श्वासनलिका जिभेच्या मागेच उघडते व तिच्यावर आपल्यासारखी झाकणी नसते. घशात जोराने ओतलेले तेल फुप्फुसात गेले तर मूळ दुखण्यापेक्षा ते वाईट.

त्यानंतर हाताचे काम. मराठीत चोळणे, मळणे, चेपणे, कुस्करणे अशी शब्दसंपत्ती मोठी आहे, पण येथे यांपैकी एकही क्रियापद नेमके बसत नाही. चोखून खावयाचा आंबा आपण ज्या हलक्या बोटांनी, साल न फाटू देता, सर्व बाजूंनी मऊ करतो, ती क्रिया येथे हवी. कोंबडी काखेत धरावी, तिचे डोके वर असू द्यावे, आणि पाच-दहा मिनिटे गोळ्याच्या कडा बोटांनी सोडवाव्यात. दिवसातून तीन-चार वेळा हे करावे. गोळा वर, घशाकडे, कधीही ढकलू नये. कोंबडी तोंड उघडून श्वास घेऊ लागली तर तत्काळ थांबावे. दुसऱ्या पहाटे गोळा लहान झालेला आढळला तर दिशा बरोबर आहे. मग भिजवून पातळ केलेले खाद्य थोडे थोडे सुरू करावे. चोवीस तासांत काहीच फरक नसेल, किंवा आत दोरी असल्याची शंका असेल, तर पशुवैद्यकाकडे जावे.

कोंबडीला उलटी धरून पिशवी पिळून काढण्याचा उपाय पुष्कळ ठिकाणी सांगितला जातो. तो करू नये. घट्ट गोळा अशाने बाहेर पडत नाही. आंबलेल्या अन्नपुटातील द्रव मात्र पडतो, आणि त्यातला काही भाग श्वासनलिकेत जाऊन कोंबडी हातातच गुदमरते. ‘पिशवी भरली’ हे वर्णन पुरेसे मानल्याचा खरा धोका येथे दिसतो : सांगणाऱ्याने एक विकार पाहिलेला असतो आणि ऐकणाऱ्याच्या घरी दुसराच असतो. आंबण्यावर तेल नव्हे, मर्दन तर नव्हेच. बुरशीवर निस्टॅटिनसारखे औषध पशुवैद्यकाच्या मात्रेने द्यावे लागते, आणि गूळ, पाव, शिळा भात यांसारखे बुरशीला पोसणारे पदार्थ बंद करावे लागतात. लोंबलेल्या अन्नपुटावर समूळ उपाय क्वचितच होतो. खाद्य थोडे व वारंवार देऊन, काही वेळा कापडी पट्ट्याने आधार देऊन, दिवस काढता येतात.

शेवटचा उपाय शस्त्रक्रियेचा. तिचे शास्त्रीय नाव ‘इंग्लुव्हिओटमी’. पूर्वपद लॅटिन, उत्तरपद ग्रीक. शुद्धतावादी व्युत्पत्तिकारांना ते रुचणार नाही, पण शस्त्रवैद्यांनी व्युत्पत्तिकारांना विचारून नावे ठेवलेली नाहीत. आपण ‘अन्नपुटछेदन’ म्हणू. भूल देऊन, रक्तवाहिन्या चुकवून त्वचेला लहान छेद घेतात. अन्नपुटाच्या भित्तीचा छेद वेगळा असतो. आतील गोळा तुकड्यातुकड्यांनी काढून पोकळी धुतात, पुढची वाट मोकळी असल्याची खात्री करतात, आणि भित्ती व त्वचा स्वतंत्रपणे शिवतात. दोन्ही थर एकत्र शिवले तर जखम नीट भरत नाही. वर्णनाने हे सोपे वाटते, व दाढीच्या पात्याने घरीच हे काम उरकणारे लोक होते आणि आहेत. त्याचे समर्थन होऊ शकत नाही. पक्ष्याला वेदना होतात. तो ओरडत नाही एवढ्यावरून त्या होत नाहीत असे ठरत नाही. शिवाय भारतात १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियमानुसार पशुवैद्यकीचा व्यवसाय नोंदणीकृत पशुवैद्यकाकडे सोपविलेला आहे. अडचण खर्चाची असते, हे मान्य केले पाहिजे. कोंबडीच्या किमतीहून तिच्या शस्त्रक्रियेचा खर्च अधिक होतो, आणि अशा वेळी पुष्कळ घरे तिला कापण्याचा निर्णय घेतात. तो निर्णय वेळीच घेतला तर कुजत चाललेल्या अन्नपुटाने आठवडाभर मरण्यापेक्षा कमी क्रूर आहे, असे मला वाटते. औषधे दिलेली असतील तर मात्र तिचे मांस व अंडी किती दिवस वर्ज्य, हे पशुवैद्यकाला विचारूनच ठरवावे.

प्रतिबंधात आणखी एका शब्दाची गल्लत आड येते. पेषणीला दळण्यासाठी न विरघळणारे बारीक खडे लागतात. किनारपट्टीत व खाद्याच्या दुकानातही शिंपल्यांचा चुरा त्याऐवजी दिला जातो आणि दोहोंना इंग्रजीवरून ‘ग्रिट’ म्हणतात. शिंपला आम्लात विरघळतो. त्यातून अंड्याच्या कवचाला चुना मिळतो, दळण होत नाही. मोकळ्या अंगणात फिरणारी कोंबडी आपले खडे आपण शोधते. खुराड्यात किंवा फरशीवर कोंडलेल्या कोंबडीला जाड वाळू व बारीक खडी वेगळ्या भांड्यात ठेवावी, शिंपल्याचा चुरा वेगळ्या. हिरवा चारा द्यावयाचा तर बोटाच्या पेराएवढा चिरून द्यावा, किंवा जुडी घट्ट बांधून कोंबडीच्या डोक्याच्या उंचीवर टांगावी, म्हणजे तिला तो तोडूनच खावा लागतो. जुडी बांधलेली सुतळी मात्र संध्याकाळी आठवणीने काढून घ्यावी.