नरक्याच्या पोटातलं औषध

ऐका मुलांनो, आपल्या सह्याद्रीत नरक्या नावाचं एक झाड आहे. महाबळेश्वर, आंबोलीच्या रानांत सापडतं. फुलोरा आला की असा वास सुटतो, की माणूस नाक दाबून पुढे सरकतो. पण याच झाडाच्या सालीत, लाकडात आणि मुळांत एक मोलाचं द्रव्य दडलेलं असतं. त्याचं नाव कॅम्प्टोथेसिन.

त्याच्या शोधाचा एक धागा थेट आपल्या नंदुरबारला पोचतो. तिथे १९२५ साली जन्मलेले मनसुख वाणी मुंबईत रसायनशास्त्र शिकले आणि पुढे अमेरिकेत गेले. १९६६ साली मन्‍रो वॉल, वाणी आणि त्यांच्या चमूने एका चिनी झाडातून हे द्रव्य वेगळं काढलं. काही वर्षांनी, १९७२ मध्ये, गोविंदाचारी आणि विश्वनाथन या आपल्या शास्त्रज्ञांना तेच द्रव्य नरक्यात सापडलं. पेशी दुभंगण्याआधी डीएनएचा पीळ सैल करावा लागतो. ते काम करणाऱ्या विकरालाच कॅम्प्टोथेसिन अडकवून ठेवतं, म्हणून कर्करोगाची पेशी वाढू शकत नाही. त्याच्यात थोडे बदल करून टोपोटिकॅन आणि इरिनोटिकॅन ही औषधं तयार झाली.

मागणी वाढली आणि कुऱ्हाडी नरक्याकडे वळल्या. कोल्हापूर-सिंधुदुर्गाच्या जंगलांत तस्करीसाठी झाडं तुटू लागली. दुर्दैव असं, की सगळ्या झाडांत औषध सारखं नसतं. एकात भरपूर, तर शेजारच्यात अगदी नावाला. बाहेरून बघाल तर दोन्ही सारखीच हिरवी.

मग कळायचं कसं? याचं उत्तर मिखाईल त्स्वेत या वनस्पतिशास्त्रज्ञाने दाखवलेल्या वाटेवर आहे. शंभरहून अधिक वर्षांपूर्वी त्याने काचेच्या नळीत खडूची भुकटी ठासली आणि वरून हिरव्या पानांचा अर्क सोडला. अर्क खाली उतरता उतरता हिरव्या-पिवळ्या रंगांचे वेगवेगळे पट्टे पडले! पान वरून नुसतं हिरवं दिसत होतं, पण त्याच्या पोटात कितीतरी रंग होते.

आज खडूची जागा सिलिकाच्या बारीक कणांनी घेतली आहे. कण मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाएवढे, आणि तेही वीतभर लांबीच्या पोलादी नळीत गच्च भरलेले. त्यातून द्रव आपोआप वाहत नाही, पंपाने जोरात ढकलावा लागतो. नरक्याची वाळवलेली साल कुटायची, नेमकी तोलायची, मिथेनॉलमध्ये अर्क काढायचा, गाळायचा आणि अर्ध्या थेंबाहूनही कमी अर्क यंत्रात सोडायचा. नळीत काय होतं म्हणाल, तर जत्रेत होतं तेच. कुणी प्रत्येक दुकानापाशी रेंगाळतो, कुणी सरळ चालत सुटतो, आणि एकत्र शिरलेली मंडळी बाहेर मात्र वेगवेगळ्या वेळी पडतात. नळीतल्या कणांना जे द्रव्य जास्त चिकटतं, ते उशिरा बाहेर येतं.

नळीच्या तोंडाशी अतिनील किरणांचा पहारा असतो. द्रव्याने किरण शोषले, की पडद्यावर सरळ चाललेली रेघ वर चढते आणि पुन्हा खाली येते. आधी शुद्ध कॅम्प्टोथेसिन सोडून ते किती मिनिटांनी बाहेर येतं हे बघून ठेवलेलं असतं. अर्कातलाही उंचवटा त्याच वेळी आला, तर ओळख पटते. तरी दोन द्रव्यं एकाच वेळी येऊ शकतात, म्हणून बाहेर आलेलं द्रव्य कोणते किरण किती शोषतं, हेही ताडून पाहतात. उंचवट्याखालचं क्षेत्रफळ दुप्पट, तर द्रव्यही दुप्पट. अशी मात्रा ठरते.

या मोजमापाने मोठं काम केलं. सह्याद्रीत कुठल्या भागातली झाडं सकस आहेत, हे समजू लागलं. त्यांच्या बिया आणि रोपं निवडून लागवड करता येते. नरक्याच्या आत राहणारी एक बुरशीही हेच द्रव्य बनवते, असं २००५ साली भारतीय शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं.

म्हणून मुलांनो, एवढं ध्यानात ठेवा. औषधी झाडाची किंमत त्याच्या नावावरून ठरत नाही, आत काय आणि किती आहे यावरून ठरते. ते बघायला मूठभर साल पुरते, झाड आडवं करावं लागत नाही. तुमच्यापैकी कुणी उद्या शास्त्रज्ञ झालं, वनाधिकारी झालं, वैद्य झालं, तर आधी मोजा, मग लावा, आणि रानातल्या नरक्याला उभं राहू द्या.