त्रिकोणाची परीक्षा : वँकेल इंजिन, टर्बो आणि डायनो

आपल्याकडे गाडीबद्दलचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘ॲव्हरेज किती देते?’ पण जुनी गाडी विकत घेऊन तिचं इंजिन खोलणारी, भाग बदलणारी आणि वर्षानुवर्षं सुट्टीचे दिवस तिच्यात घालणारी एक जमात जगभर पसरलेली आहे. या ‘प्रोजेक्ट कार’वाल्यांना ॲव्हरेजचा प्रश्न विचारला तर ते केविलवाणं हसतात. त्यांचा प्रश्न वेगळा असतो : ‘अश्वशक्ती किती?’ उत्तरादाखल एक आकडा येतो. तो कुठून येतो, त्यावर कितपत विश्वास ठेवावा आणि तो वाढवताना इंजिनाच्या पोटात काय घडतं, हे मला इथे सांगायचं आहे. उदाहरणासाठी मी घेतलं आहे ते या बाबतीत सर्वांत हट्टी असलेलं इंजिन : टर्बो बसवलेलं रोटरी.

माझी सारी नोकरी पुण्यात इंजिन-चाचणीच्या कामात गेली. निवृत्तीनंतर ऑकलंडला बहिणीकडे राहायला गेलो, तेव्हा भाच्याची 1992ची माझदा आरएक्स-7 गॅरेजमध्ये ठोकळ्यांवर उभी होती. न्यूझीलंडमध्ये जपानच्या वापरलेल्या गाड्या मोठ्या प्रमाणावर येतात, कारण दोन्हीकडे स्टिअरिंग उजव्या बाजूला. त्यामुळे रोटरीवेडे तिथे गल्लोगल्ली सापडतात. भाच्याच्या गाडीचं आधीचं इंजिन एका वर्कशॉपमध्ये चाचणी चालू असतानाच गेलं होतं. आकडा वाढवण्याच्या नादात काही क्षणांत खेळ संपला. नवं इंजिन बांधायला त्याला दीड वर्ष आणि जवळची सगळी शिल्लक लागली. म्हणून या वेळी त्याने मला सोबत यायची गळ घातली.

दट्ट्या नसलेलं इंजिन

नेहमीच्या इंजिनात दट्ट्या वर-खाली होतो आणि क्रँकच्या मदतीने त्या गतीचं फिरणं बनतं. मुळात फिरतीच गती निर्माण केली तर? हा विचार फेलिक्स वँकेल या जर्मन माणसाने आयुष्यभर लावून धरला. त्याच्याकडे अभियांत्रिकीची पदवी नव्हती. एनएसयू कंपनीत 1957 साली त्याचं पहिलं इंजिन चाललं. पण त्यात बाहेरचं कवचही फिरायचं. ते स्थिर ठेवणारी, व्यवहारात उतरणारी रचना त्याच कंपनीतल्या हान्स डीटर पाश्के या अभियंत्याने केली.

भुईमुगाची दोन दाण्यांची शेंग डोळ्यांपुढे आणा. मधे किंचित चिमटलेला असा तो आकार म्हणजे या इंजिनाचं कवच. आत फुगीर बाजूंचा एक त्रिकोण फिरतो, त्याला रोटर म्हणतात. त्याची तिन्ही टोकं सतत कवचाला चिकटून सरकतात. त्रिकोणाची प्रत्येक बाजू आणि कवच यांच्यामधली पोकळी आळीपाळीने मोठी-लहान होते. हवा-पेट्रोल आत घेणं, दाबणं, पेटवणं आणि धूर बाहेर टाकणं ही चारही कामं त्याच पोकळीत क्रमाने उरकतात. झडपा नाहीत, रोटर स्वतःच वाटा उघडतो आणि बंद करतो. मधला दांडा तीन फेरे घेतो तेव्हा रोटर एक फेरा घेतो. त्यामुळे दांड्याच्या प्रत्येक फेऱ्याला प्रत्येक रोटरमागे एक स्फोट मिळतो.

आरएक्स-7च्या इंजिनात असे दोन रोटर आहेत, प्रत्येकी 654 घनसेंटिमीटरचे. म्हणून कागदावर हे 1.3 लिटरचं इंजिन. पण स्फोटांची संख्या पाहिली तर ते चार सिलिंडरच्या 2.6 लिटर इंजिनाइतकी हवा ओढतं. एवढ्याशा डब्यातून एवढी ताकद कशी, याचं निम्मं उत्तर या हिशेबात आहे.

दुखणं मात्र त्या तीन टोकांत आहे. प्रत्येक टोकाच्या खाचेत एक पट्टी बसवलेली असते, तिला एपेक्स सील म्हणतात. साध्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा करतात तेच काम ती करते. हिरोशिमात केनिची यामामोतो यांच्या हाताखालच्या 47 जणांच्या तुकडीला सुरुवातीला याच पट्ट्यांनी जेरीस आणलं. कवचाच्या आतल्या बाजूला ओरखड्यांच्या लाटा उमटायच्या. त्यांना ते ‘सैतानाच्या नखांचे ओरखडे’ म्हणत. पट्टीचं द्रव्य बदलून त्यांनी तो प्रश्न सोडवला आणि 1967 साली कॉस्मो स्पोर्ट बाजारात आली. पुढे 1973च्या तेलसंकटात या इंजिनाची पेट्रोलची भूक माझदाला फार महागात पडली. तरी कंपनीने ते सोडलं नाही. 1991 साली चार रोटरच्या 787बी गाडीने ल मांची 24 तासांची शर्यतही जिंकली.

भाच्याच्या इंजिनातल्या पट्ट्या जेमतेम 2 मिलिमीटर जाडीच्या, विशेष प्रक्रिया केलेल्या बिडाच्या आहेत. बीड घासण्याला उत्तम, पण हातोडीच्या घावाला कच्चं. आणि टर्बो बसवल्यावर घाव पडण्याची शक्यता वाढते.

टर्बोचा मोह, नॉकिंगची भीती

रोटरीचा धूर फार तापलेला असतो आणि झडप नसल्याने तो जोरात, ठोक्याठोक्याने बाहेर पडतो. त्या धुराच्या झोतावर एक चक्र फिरवायचं, त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने हवा दाबून इंजिनात कोंबायची. हा झाला टर्बो. जास्त हवा, म्हणून जास्त पेट्रोल, म्हणून जास्त ताकद. कारखान्यातून ही गाडी एकापाठोपाठ चालू होणारे दोन टर्बो घेऊन आली होती आणि तिची ताकद 255 अश्वशक्ती होती. भाच्याने ते काढून एकच मोठा टर्बो बसवला होता.

दाबलेली हवा तापते. तापलेल्या मिश्रणातला उरलेला भाग ज्योत पोचण्याआधीच आपोआप भडकला, तर दाबाचा एक तीक्ष्ण धक्का बसतो. आपले मेकॅनिक ज्याला ‘इंजिन नॉक मारतंय’ म्हणतात, ते हेच. साधं इंजिन असे काही धक्के पचवतं. रोटरीत तो धक्का थेट त्या बिडाच्या पट्टीवर बसतो. पट्टीचा टवका उडाला की तो कवचाला ओरबाडत, बाहेर पडता पडता टर्बोचं चक्रही खातो. दांडा मिनिटाला 6000 फेरे घेत असेल तर प्रत्येक रोटरवर सेकंदाला 100 स्फोट होतात. म्हणजे ‘काहीतरी बिघडतंय’ असं माणसाच्या लक्षात येईपर्यंत शंभर घाव पडून गेलेले असतात. ट्यूनिंगची सगळी काळजी या हिशेबातून येते.

ताकद मोजायची कशी?

ताकद थेट मोजता येत नाही. मोजता येतो तो पीळ, म्हणजे टॉर्क, आणि फेरे. दोन्हींच्या गुणाकारातून ताकद निघते. पॅरिसमध्ये प्रोनी या अभियंत्याने 1821 साली फिरत्या दांड्याला लाकडी ठोकळ्यांचा चिमटा लावला आणि त्याच्या लांब दांडीला वजन टांगून पीळ तोलला. विल्यम फ्रूडने 1877 साली चिमट्याच्या जागी पाणी आणलं. आजच्या डायनॅमोमीटरमागे, म्हणजे बोलीभाषेतल्या डायनोमागे, तत्त्व तेच आहे : इंजिनाला अडवा आणि ते किती जोराने ढकलतं ते तोला.

गाडीसाठीच्या डायनोत मागची चाकं रोलरवर चढवतात आणि गाडी पट्ट्यांनी जखडतात. काही डायनोंत नुसता जड रोलर असतो. तो किती झपाट्याने वेग घेतो यावरून पीळ काढतात. पण ट्यूनिंगसाठी ब्रेक असलेला डायनो हवा. त्यात विद्युतचुंबकी ब्रेकने इंजिनाला हव्या त्या फेऱ्यांवर धरून ठेवता येतं. आम्ही निवडला तो असाच.

हिशेब सोपा आहे. पीळ न्यूटन-मीटरमध्ये घ्या, मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणा आणि 9549 ने भागा. उत्तर किलोवॅटमध्ये येतं. 6500 फेऱ्यांना 400 न्यूटन-मीटर असेल तर 272 किलोवॅट, म्हणजे सुमारे 370 मेट्रिक अश्वशक्ती. एक मेट्रिक अश्वशक्ती म्हणजे 75 किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलणं.

चाचणीचा दिवस

गाडी रोलरवर चढवण्याआधीची तासाभराची तपासणी मी सक्तीची केली. पहिली चाचणी दाबाची. साधा काँप्रेशन गेज रोटरीत फसवतो, कारण तो तीन बाजूंपैकी सर्वांत चांगल्या बाजूचाच दाब धरून ठेवतो. म्हणून त्यातली झडप काढायची आणि काट्याच्या तीन उड्या सारख्या आहेत का ते पाहायचं. सहाही उड्या सारख्या होत्या. मग हवेची गळती, पेट्रोलचा दाब, ठिणगीची मूळ वेळ. पेट्रोलमध्ये थोडं टू-स्ट्रोक ऑइल मिसळलेलं होतं. बजाजची जुनी स्कूटर चालवलेल्यांना याचं नवल वाटणार नाही; इथे ते त्या पट्ट्यांना वंगण म्हणून.

इंजिनाच्या संगणकात पाढ्यांसारखा तक्ता असतो. एका बाजूला फेरे, दुसऱ्या बाजूला हवेचा दाब, आणि प्रत्येक चौकटीत किती पेट्रोल, केव्हा ठिणगी. ट्यूनिंग म्हणजे हा तक्ता भरणं. आम्ही टर्बोचा दाब नसलेल्या चौकटींपासून सुरुवात केली. ब्रेकने इंजिन एकेका चौकटीत धरायचं, धुरातल्या लॅम्डा सेन्सरवर मिश्रण वाचायचं, आकडा दुरुस्त करायचा आणि पुढच्या चौकटीत जायचं. कंटाळवाणं काम, पण गाडीच्या आयुष्याचा बहुतेक काळ याच चौकटींत जातो.

पेट्रोल पुरतं जळायला एका भागाला 14.7 भाग हवा लागते. टर्बो जोरात असताना आम्ही हवा 11 भागांवर आणली. जादा पेट्रोल वाफ होताना आतली उष्णता शोषतं. रोटरीची भूक वाढते ती इथे. पण त्या पेट्रोलची किंमत नव्या इंजिनापेक्षा कमीच. ठिणग्यांचंही तसंच. पोकळी लांबट असल्याने प्रत्येक रोटरला दोन प्लग असतात. मागचा प्लग पुढच्यानंतर काही अंशांनी पेटवतात, आणि दाब वाढेल तसं हे अंतर सांभाळून ठेवतात.

अर्ध्या बारच्या आसपासच्या दाबाला चाकांवर 210 किलोवॅट आले. मग दाब पायरीपायरीने वर. प्रत्येक झेपेनंतर इंजिन थंड होऊ द्यायचं आणि पडद्यावरच्या रेषा वाचायच्या. ट्यूनर तरुणाच्या कानाला इंजिनावरच्या मायक्रोफोनचे हेडफोन होते. नॉकिंगचा कडकडाट यंत्राआधी तिथे ऐकू येतो. एक बारला 272 किलोवॅट आले.

“मामा, अजून थोडं. तीनशे होतील,” भाचा म्हणाला.

मी त्याला तीन रेषा दाखवल्या. दाब आणखी दशांश बारने वाढवला तेव्हा ताकद नावापुरतीच वाढली होती, पण आत जाणाऱ्या हवेचं तापमान झपाट्याने चढत होतं. म्हणजे इंटरकूलर थकला होता. इंजेक्टर जवळजवळ पूर्ण वेळ उघडे राहू लागले होते. म्हणजे थंड, दाट हवेच्या रात्री जादा पेट्रोल लागलं तर द्यायला उरलेलं नव्हतं. आणि ठिणगी एक अंश लवकर दिल्यावर पीळ वाढला नव्हता. जिथे लवकर ठिणगीने काही मिळत नाही, तिथे फक्त धोका विकत घेतला जातो. नॉकिंग अजून एकदाही ऐकू आलं नव्हतं. “ऐकू आल्यावर थांबायचं, असं या इंजिनात नसतं,” मी म्हणालो. आम्ही एक बारवर परत आलो आणि ठिणगी आणखी थोडी उशिरा केली. कागदावर अंतिम आकडा 268 आला. भाचा परतीच्या वाटेवर फारसा बोलला नाही.

कागदावरचा आकडा

तीच गाडी दुसऱ्या डायनोवर नेली तर वेगळा आकडा येईल. टायरमधली हवा, जखडलेल्या पट्ट्यांचा ताण, पंख्याचा झोत यांनी तो हलतो. शिवाय हवामानाची दुरुस्ती असते : अमेरिकी प्रमाण 25 अंश धरतं, जुनं जर्मन प्रमाण 20 अंश. टर्बो स्वतःच दाब सांभाळत असल्याने ही दुरुस्ती त्याला कधीकधी फुकटची ताकद बहाल करते. चाकांवरच्या आकड्यात ठरावीक टक्के मिळवून ‘इंजिनाची ताकद’ सांगणं हा तर निव्वळ अंदाज. म्हणून डायनोचा खरा उपयोग तुलनेचा. त्याच यंत्रावर, त्याच दिवशी, एका बदलाने काय झालं, याचं उत्तर तो चोख देतो. आधीचं इंजिन ज्यापायी गेलं, तो आकडा दोन यंत्रांवर सारखा आलाही नसता.

हे इंजिन आपल्यालाही अगदीच परकं नाही. निशांत या मानवरहित विमानाने 2009 साली कोलारला देशी वँकेल इंजिनावर उड्डाण केलं. ते घडवण्यात बंगळूरच्या संस्थांबरोबर तेव्हाच्या अहमदनगरच्या व्हीआरडीईचा वाटा होता. तिथे हवं होतं ते कमी वजन आणि कमी थरथर, आणि या दोन गोष्टींत रोटरीला तोड नाही. माझदानेही 2023 साली एकच रोटर असलेलं 830 घनसेंटिमीटरचं इंजिन एमएक्स-30मध्ये आणलं, तेही चाकं फिरवायला नव्हे, बॅटरीसाठी वीज तयार करायला.

भाच्याच्या गाडीला त्यानंतर बदलांच्या तपासणीचा दाखला मिळाला. त्याशिवाय असे मोठे फेरफार केलेली गाडी तिथे रस्त्यावर आणता येत नाही. दोन उन्हाळे ती चालली. परवा त्याचा फोन आला. त्याने पुन्हा दाबाची चाचणी घेतली होती, झडप काढलेल्या गेजने, आणि सहा उड्यांचे सहा आकडे मला वाचून दाखवले. किलोवॅटचं नाव त्याने काढलं नाही.