सायक्लोहेक्झिमाइड

सायक्लोहेक्झिमाइड हे दृश्यकेंद्रकी पेशींमधील, म्हणजे कवक, वनस्पती व प्राणी यांच्या पेशींमधील, प्रथिननिर्मिती रोखणारे प्रतिजैविक आहे. ते स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियस या मातीतील जिवाणूपासून मिळते. क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिन हे औषधही याच जातीपासून मिळाले. विषारी असल्यामुळे सायक्लोहेक्झिमाइड रोग्यांना दिले जात नाही. त्याचा मुख्य उपयोग संशोधनात होतो.

शोध
आल्मा व्हिफेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील अपजॉन कंपनीत संशोधन करताना १९४६ मध्ये या द्रव्याची माहिती प्रसिद्ध केली. कवकनाशक म्हणून ते ‘अ‍ॅक्टिडायोन’ या नावाने विकले जात असे.

कार्य
रायबोसोम हा संदेशवाहक आरएनएवरून टप्प्याटप्प्याने पुढे सरकत अमिनो आम्लांची साखळी गुंफतो. सायक्लोहेक्झिमाइड रायबोसोमच्या ६०एस या मोठ्या उपघटकावरील ‘ई’ स्थानात बसते. त्यामुळे रायबोसोमचे सरकणे थांबते आणि साखळी अपुरी राहते. जिवाणूंचे ७०एस रायबोसोम तसेच तंतुकणिका व हरितलवक यांतील रायबोसोम मात्र अबाधित राहतात. क्लोरॅम्फेनिकॉलचा परिणाम याच्या उलट होतो. म्हणून ही दोन द्रव्ये वेगवेगळी वापरून एखादे प्रथिन पेशीद्रवात तयार होते की तंतुकणिकेत, हे ठरवता येते.

संशोधनातील उपयोग
पेशीतील प्रथिनाचे प्रमाण निर्मिती व विघटन या दोहोंवर अवलंबून असते. हौदाचा नळ बंद केला की गळतीचा वेग कळतो. त्याचप्रमाणे निर्मिती थांबवून ठरावीक वेळाने नमुने तपासल्यास प्रथिनाचा अर्धायुकाल काढता येतो. एखादे जनुक उद्दीपनानंतर सक्रिय होण्यासाठी नव्या प्रथिनाची गरज असते काय, हेही या द्रव्याच्या साहाय्याने तपासतात. त्वचारोगकारक कवके वेगळी करताना इतर कवकांची वाढ रोखण्यासाठी ते संवर्धन माध्यमात मिसळतात.

मर्यादा
सायक्लोहेक्झिमाइड एकाच प्रथिनाची नव्हे, तर पेशीद्रवातील सर्वच प्रथिनांची निर्मिती थांबवते. आयकप्पाबीसारखी अल्पायुषी नियंत्रक प्रथिने नाहीशी झाल्यास त्यांनी दाबून ठेवलेली जनुके सक्रिय होऊ शकतात. अशा वेळी दिसणारा बदल मूळ उद्दीपनाचा आहे, असा चुकीचा निष्कर्ष निघण्याचा धोका असतो. म्हणून केवळ सायक्लोहेक्झिमाइड दिलेल्या पेशींचा तुलनात्मक नमुना आवश्यक ठरतो. दीर्घकाळ संपर्कात राहिलेल्या पेशी मरू लागतात. त्यामुळे प्रयोग सहसा काही तासांपुरते मर्यादित ठेवतात. दीर्घायुषी प्रथिनांच्या मापनासाठी ही पद्धत त्यामुळेच अपुरी पडते.

सुरक्षितता
हे द्रव्य गर्भालाही घातक ठरू शकते. ते हाताळताना हातमोजे वापरणे व भुकटी श्वासावाटे शरीरात जाऊ न देणे आवश्यक आहे. तीव्र अल्कधर्मी द्रावणात ते निष्क्रिय होते.