औषधाच्या चिठ्ठीवरील लॅटिन अक्षरे : वाचावी कशी, लिहावी कशी?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटीचे एक आजोबा नातवाच्या खांद्यावर हात ठेवून माझ्या दवाखान्यात आले. चेहरा पांढराफटक, जिना चढताना धाप लागलेली. म्हणाले, "डॉक्टरसायब, चार दिस झालं परसाकडं डांबरावानी काळं व्हायलंय. डोळ्यापुढं अंधारी येतीय."

डांबरासारखी काळी, चिकट शौच म्हणजे बहुतेक वेळा जठरात रक्तस्राव. औषधे कोणती चालू आहेत असे विचारताच नातवाने पिशवीतून चिठ्ठी काढली. चिठ्ठी माझीच होती. तीन आठवड्यांपूर्वी गुडघेदुखीसाठी मी डायक्लोफेनॅकची गोळी लिहून दिली होती आणि पुढे एस.ओ.एस. अशी अक्षरे लिहिली होती. अर्थ असा, की दुखणे असह्य झाले तरच घ्यावी.

"रोज दोन गोळ्या दिल्या ना सर," नातू म्हणाला. "तुम्हीच लिहिलंय. एस म्हणजे सकाळ, मधी शून्य, मग एस म्हणजे संध्याकाळ."

मी चिठ्ठीकडे पाहतच राहिलो. दुसऱ्या औषधापुढे मीच १-०-१ असे लिहिले होते. ते पाहून मुलाने एस.ओ.एस.मधल्या 'ओ'ला शून्य मानले. सातवीत शिकणाऱ्या पोराने लावलेला हा अर्थ चिठ्ठीवरच्या खुणांना धरूनच होता. आजोबांना जालन्याला पाठवावे लागले, रक्ताच्या दोन बाटल्या चढवाव्या लागल्या. सुदैवाने ते वाचले. चूक नातवाची नव्हती, माझी होती.

ही अक्षरे आली कोठून?

युरोपात अनेक शतके वैद्यकाची भाषा लॅटिन होती. इंग्रजांबरोबर ती पद्धत आपल्याकडे आली. चिठ्ठीच्या वरच्या कोपऱ्यात आर-एक्स अशी जी खूण दिसते, तीही लॅटिन 'रेसिपे' या शब्दाची. त्याचा अर्थ 'घे'. लॅटिन ही संस्कृतची दूरची बहीण आहे. त्यामुळे तिचे शब्द वाटतात तितके परके नाहीत. तिचा 'दिए' आपल्या 'दिवसा'च्या कुळातला, 'तेर' हा 'त्रि'च्या आणि 'सोम्नी' हा 'स्वप्ना'च्या. नेहमी दिसणारी अक्षरे पुढीलप्रमाणे :

ओ.डी. (ओम्नी दिए) – दिवसातून एकदा.
बी.डी. किंवा बी.आय.डी. (बिस इन दिए) – दिवसातून दोनदा.
टी.डी.एस. किंवा टी.आय.डी. (तेर दिए सुमेंदुम, तेर इन दिए) – दिवसातून तीनदा.
क्यू.डी.एस. किंवा क्यू.आय.डी. (क्वातेर इन दिए) – दिवसातून चारदा.
एच.एस. (होरा सोम्नी) – झोपण्याच्या वेळी.
ए.सी. (आन्ते सिबुम) – जेवणापूर्वी.
पी.सी. (पोस्ट सिबुम) – जेवणानंतर.
स्टॅट (स्टाटिम) – ताबडतोब, एकदाच.
एस.ओ.एस. (सी ओपुस सित) – गरज पडली तर.

शेवटच्या अक्षरांबाबत आणखी एक घोटाळा होतो. बुडते जहाज एस.ओ.एस. असा संदेश पाठवते हे पुष्कळांनी ऐकलेले असते. त्यामुळे काहीजण त्याचा अर्थ 'तातडीने घ्या' असा करतात. जहाजाच्या संदेशाचा आणि या लॅटिन शब्दांचा काही संबंध नाही.

धोका कोठे आहे?

सर्वच अक्षरे सारखी धोक्याची नाहीत. बी.डी. आणि टी.डी.एस. आपल्याकडे इतकी रुळली आहेत, की कोणताही औषध विक्रेता ती बिनचूक वाचतो. जपायला हवे ते पुढील ठिकाणी.

पहिले, ओ.डी. साध्या गोळीपुढे त्याचा अर्थ दिवसातून एकदा. पण नेत्रतज्ज्ञांच्या कागदावर ओ.डी. म्हणजे 'ओक्युलस डेक्स्टर', उजवा डोळा. ओ.एस. म्हणजे डावा आणि ओ.यू. म्हणजे दोन्ही. उजव्या डोळ्यात दिवसातून चार वेळा घालायचे थेंब कोणी एकदाच घातले, तर जखम चिघळण्यास तेवढे पुरे. डोळ्याच्या औषधापुढे 'उजवा डोळा, दिवसातून चार वेळा' असेच लिहावे.

दुसरे, क्यू.डी. अमेरिकन पद्धतीत याचा अर्थ दिवसातून एकदा. ब्रिटिश पद्धतीच्या क्यू.डी.एस.चा अर्थ दिवसातून चारदा. एका अक्षराच्या फरकाने मात्रा चौपट होते. अमेरिकेतील रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशन या संस्थेने २००४ साली 'वापरू नयेत' अशा लघुरूपांची यादी केली, तीत क्यू.डी. आहे. त्याच यादीत इन्सुलिनच्या युनिटसाठी लिहिला जाणारा एकटा 'यू'ही आहे. घाईत लिहिलेला हा 'यू' शून्यासारखा दिसतो आणि ४ युनिटचे ४० होतात. साखर एकदम उतरून रुग्ण बेशुद्ध पडू शकतो. म्हणून 'युनिट' हा शब्द पूर्ण लिहावा.

तिसरे, एच.एस. काही ठिकाणी या अक्षरांचा अर्थ 'निम्म्या शक्तीचे औषध' असाही घेतला जातो. त्यापेक्षा 'रात्री झोपताना' हे दोन शब्द लिहिणे सोपे.

चौथे आणि सर्वांत गंभीर, आठवड्यातून एकदा घ्यायचे औषध. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट ही गोळी आठवड्यातून एकदाच देतात. ती चुकून रोज घेतली गेली तर तोंड सोलते, रक्तपेशी घटतात आणि जीवही जाऊ शकतो. येथे कोणत्याही लघुरूपावर विसंबू नये. 'फक्त दर सोमवारी' असा वाराचा उल्लेख हवाच.

मग काय करावे?

माझ्या व्यवसायबंधूंना एवढेच सांगेन, की लघुरूप तेच वापरावे जे लिहिणारा, औषध देणारा आणि घेणारा हे तिघेही एकाच अर्थाने वाचतील. शंका असेल तेथे मराठीत लिहावे. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमावलीत २०१६ साली दुरुस्ती होऊन औषधांची मूळ नावे सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावीत असे सांगितले गेले. २०२५ साली पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने वाचता येईल अशी चिठ्ठी मिळणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे म्हटले. पण सुवाच्य अक्षर म्हणजे स्पष्ट अर्थ नव्हे. माझे एस.ओ.एस. अगदी सुवाच्य होते!

आणि वाचकहो, आपण दवाखान्यातून उठण्यापूर्वी प्रत्येक औषधाविषयी चार प्रश्न विचारा : केव्हा घ्यायचे? किती घ्यायचे? जेवणाआधी की नंतर? किती दिवस? पाचवा प्रश्न वेदनाशामक गोळ्यांसाठी : रोज घ्यायचे, की दुखले तरच? उत्तर ऐकून ते आपल्या शब्दांत डॉक्टरांना परत सांगा. मेडिकलमध्ये गोळ्यांच्या पाकिटावर मराठीत लिहून घ्या. वेदनाशामक गोळी चालू असताना काळी शौच, रक्ताची उलटी किंवा चक्कर आल्यास गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. घरात चिठ्ठी वाचणारा शाळकरी मुलगा असेल, तर त्याच्या हुशारीवर विश्वास ठेवा, पण अंदाजावर ठेवू नका.

ते आजोबा पुढेही माझ्याकडे येत राहिले. त्यांच्या चिठ्ठीवर मी लिहीत असे : 'फार दुखले तरच एक गोळी. जेवण झाल्यावर. दिवसात एकापेक्षा जास्त नाही.' नातू ते मोठ्याने वाचून दाखवी आणि आजोबा मान हलवत. मगच मी पुढच्या रुग्णाला आत बोलावत असे.