ब्रह्मांड तीनशे शब्दांत बसवा!

दोन चंद्र, चार राजघराणी, सात हजार वर्षांचा इतिहास आणि स्वतःची लिपी असलेली ड्रॅगनांची जमात. एवढं सगळं तुम्ही लाखभर शब्दांत रचलंत. शाब्बास! आता ते एका पानाच्या पत्रात सांगा.

लंडन-न्यू यॉर्कच्या प्रकाशनविश्वात शिरायचं तर हा उंबरठा ओलांडावाच लागतो. तिथले बहुतेक मोठे प्रकाशक अनोळखी लेखकाचं बाड थेट घेत नाहीत, ते लिटररी एजंटमार्फतच यावं लागतं. आणि एजंट आधी वाचतो ते पत्र. याला म्हणतात ‘क्वेरी’, लांबी साधारण तीनशे शब्द. आपल्याकडे अजूनही हस्तलिखित पिशवीत घालून प्रकाशकाचा जिना चढता येतो, म्हणून हे ऐकून गंमत वाटते. तिकडच्या होतकरूला मात्र घाम फुटतो, आणि विज्ञानकथा-फँटसीवाल्याला जरा जास्तच. त्याला वाटतं, आधी जग समजावून सांगावं. ते समजावता समजावता पत्र संपतं आणि नायक अजून अंथरुणातच असतो!

हे पत्र म्हणजे लग्नाचा बायोडेटा. कुळाचा इतिहास नको, मुलगा काय करतो ते सांगा. कोणाची गोष्ट, त्याला काय हवंय, आडवं काय येतंय, जमलं नाही तर काय गमावेल, बस्स. मध्येच उच्चारचिन्हं टोचलेली तीन-चार परग्रही नावं आली की वाचणाऱ्याचा हात पुढच्या पत्राकडे जातो.

‘टॉल्किनसारखं लिहितो’ म्हणू नका

पत्रात आपल्या पुस्तकाचे एक-दोन भाऊबंद सांगायचे असतात. पण ते गेल्या तीन-पाच वर्षांतले हवेत. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’शी तुलना केली, की लेखक महत्त्वाकांक्षी आहे एवढंच कळतं, आज हे पुस्तक कोण विकत घेईल ते कळत नाही. पहिल्या कादंबरीची लांबीही बघतात. मोठ्यांसाठीच्या विज्ञानकथा-फँटसीला 90,000 ते 1,20,000 शब्द ठीक मानतात. ‘अडीच लाखांचा पहिला भाग, पुढचे सहा तयार आहेत’ हे वाक्य लेखकाला अभिमानाचं वाटतं, एजंटला धमकीचं.

दहा टक्क्यांपासून पंधरापर्यंत

एजंट हा प्राणी तसा जुना. ए. पी. वॉट या स्कॉटिश गृहस्थांनी 1875च्या सुमारास लंडनमध्ये हा धंदा सुरू केला आणि लेखकाच्या कमाईतले दहा टक्के घेण्याची पद्धत रुळवली. एच. जी. वेल्स यांचं काम पाहणारे जे. बी. पिंकर 1896मध्ये या धंद्यात उतरले. पुढे कॉनरॅड आणि हेन्री जेम्सही त्यांच्याकडे होते. आजचा दर पंधरा टक्के, परदेशी हक्क विकले तर बहुधा वीस. पुस्तक विकलं गेलं तरच पैसे, वाचण्याचे शून्य. जो वाचायचीच फी मागतो त्याला लांबूनच नमस्कार करावा. अशा ठगांचा माग काढायला अमेरिकेतल्या विज्ञानकथा लेखकांच्या संघटनेच्या छत्राखाली 1998पासून ‘रायटर बिवेअर’ नावाची चौकी चालते.

गंमत अशी की एकेकाळी खुद्द नामांकित एजन्सीच फी घेत होती. न्यू यॉर्कच्या स्कॉट मेरेडिथ एजन्सीत पैसे भरले की मालकाच्या सहीचं सविस्तर अभिप्रायपत्र यायचं. ते लिहायचे पगारी पोरसवदा लेखक. लॉरेन्स ब्लॉक आणि डोनाल्ड वेस्टलेक हे पुढचे गाजलेले रहस्यकथाकार तिथेच घासून निघाले. याच एजन्सीनं 1963मध्ये फिलिप के. डिकच्या न खपलेल्या सगळ्या ‘गंभीर’ सामाजिक कादंबऱ्या त्याला परत धाडल्या. त्याच वर्षी त्याच्या ‘द मॅन इन द हाय कॅसल’ या पर्यायी इतिहासाच्या कादंबरीला ह्यूगो पुरस्कार मिळाला. बिचाऱ्याला गंभीर लेखक व्हायचं होतं!

आयझॅक असिमॉव्ह यांची पहिली कादंबरी ‘पेबल इन द स्काय’ आधी एका मासिकानं मागवून घेऊन नाकारली होती. ती डबलडेच्या गळी उतरवली फ्रेडरिक पोल यांनी, आणि 1950मध्ये पुस्तक आलं. पोल तेव्हा एजंट होते. एजन्सी कर्जात बुडाली आणि ते पूर्णवेळ लेखणीकडे वळले. वाचकांचा फायदाच झाला.

मोटार दुरुस्तीवाल्यांचा वाळूग्रह

नकारांच्या किश्शांचा राजा ‘ड्यून’. फ्रँक हर्बर्ट यांची ही कादंबरी ‘ॲनालॉग’ मासिकात क्रमशः आली होती, वाचक खूश होते. तरी वीसहून जास्त प्रकाशकांनी पुस्तकाला नकार दिला. फार लांब, फार गुंतागुंतीची. शेवटी हात पुढे केला फिलाडेल्फियाच्या चिल्टन कंपनीनं. तिची ख्याती कशाची? मोटारदुरुस्तीच्या जाडजूड पुस्तिकांची! तिथले संपादक स्टर्लिंग लॅनियर यांनी मासिकातलं वाचून स्वतःहून विचारणा केली आणि 1965मध्ये पुस्तक काढलं. पुढच्या वर्षी ह्यूगो मिळाला (झेलाझ्नी या लेखकाबरोबर विभागून), पहिलावहिला नेब्युला पुरस्कारही. पण सुरुवातीला खप रडतखडत होता, आणि लॅनियरसाहेबांची नोकरी गेली. ‘ड्यून’ची गोष्ट सांगताना सगळे हर्बर्टचं कौतुक करतात, मला मात्र या माणसासाठी हळहळ वाटते.

अर्सुला ले ग्विन यांच्या ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’ला 1968मध्ये आलेलं नकारपत्र तर त्यांनी स्वतःच पुढे आपल्या संकेतस्थळावर टांगलं, संपादकाचं नाव झाकून. एजंट व्हर्जिनिया किड यांना लिहिलेल्या त्या पत्रात तक्रार होती, की तपशिलांच्या गाळात गोष्ट रुतलीय आणि पुस्तक वाचवत नाही. 1969मध्ये पुस्तक आलं आणि त्यानं ह्यूगो आणि नेब्युला दोन्ही पटकावले.

नकाराची टोपली आणि काळी फाइल

जे. के. रोलिंग यांनी 1995मध्ये ‘हॅरी पॉटर’ची तीन प्रकरणं लंडनच्या ख्रिस्तोफर लिटल एजन्सीला धाडली. ही एजन्सी मुलांची पुस्तकं घेतच नव्हती, त्यामुळे पाकीट थेट नकाराच्या टोपलीत. तिथे काम करणाऱ्या ब्रायनी एव्हन्स यांचं लक्ष गेलं ते मजकुराकडे नव्हे, तर चाप असलेल्या वेगळ्याच काळ्या फाइलकडे. उघडून वाचलं, आवडलं, मालकाला पटवलं. तरीही बारा प्रकाशकांनी नाही म्हटलं. मग ब्लूम्सबरीच्या अध्यक्षांच्या आठ वर्षांच्या मुलीनं पहिलं प्रकरण वाचून पुढचं मागितलं. म्हणून कोणी आता चकचकीत फाइली विकत घेऊ नयेत. हल्ली सगळं ऑनलाइन फॉर्ममध्ये जातं, तिथे ना चाप ना रंग.

तीनशे शब्दही जास्त वाटू लागले तेव्हा ट्विटरवर ‘पिटमॅड’ निघालं. ठरलेल्या दिवशी एका ट्वीटमध्ये कादंबरी सांगायची. एजंटनं बदाम दिला, की पाठवा म्हणून समजायचं. साधारण दहा वर्षं हा खेळ चालला. मला तो दर्जापेक्षा चटकदारपणाची परीक्षा वाटायचा.

अँडी वीअरचं तर सगळंच उलटं. त्यानं ‘द मार्शियन’ आपल्या संकेतस्थळावर फुकट टाकली, वाचकांच्या आग्रहाखातर किंडलवर 99 सेंटला ठेवली. मग एजंटच त्याला शोधत आला! पुस्तकाचा आणि सिनेमाचा करार एकाच आठवड्यात झाला.

मराठीत एजंटचं प्रस्थ नाही, पण नाव न बघता पारख व्हावी ही इच्छा इथेही होती. जयंत नारळीकरांनी 1974मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ पाठवली ती आपली आद्याक्षरं उलटी फिरवून, ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली. जगतापांना पहिलं बक्षीस मिळालं!

तिकडे एजंटचं उत्तर कधी येतं? कधी दोन दिवसांत, कधी कधीच नाही. अनेक एजंट सरळ लिहितात, की ठरावीक आठवड्यांत निरोप आला नाही तर नकार समजा. फँटसीलेखक ब्रँडन सँडरसन हॉटेलात रात्रपाळी करत काउंटरवर बसून लिहायचा. त्याची ‘एलान्ट्रिस’ टॉर प्रकाशनाच्या संपादकाकडे पडली होती ती दीड वर्ष. होकार आला तेव्हा त्याला आठवावं लागलं असेल, कुठली ती. ती त्याची सहावी कादंबरी होती, आणि तोवर गडी तेरावीपर्यंत पोहोचला होता.